दारामागचा कोट

मित्रांनो, मी एक जुना राखाडी पावसाळी कोट आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात, असे मी ऐकले आहे. मी टाकणार नाही. मी वैतागलेलो आहे. माझी कहाणी ऐकून तुम्हीही वैतागाल, आणि मग तरी घराबाहेर पडताना आरशात एकदा नीट बघाल.

माझा जन्म कोट शिवण्याच्या एका कारखान्यात झाला. लांबच लांब खोली, चाळीस शिलाई यंत्रांची खडखड आणि डोक्यावर लोंबणारे दिवे. कापणारा वेगळा, बाह्या जोडणारा वेगळा, अस्तर लावणारा वेगळा. बटणांच्या टेबलावर एक बाई बसायची. तिला सगळे ताई म्हणत, कारण ती प्रत्येकाला न विचारता सल्ला द्यायची. बाह्या जोडणाऱ्याचे त्या दिवशी लक्ष ठिकाणावर नव्हते, म्हणून माझी डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब झाली. तपासनिसाने माझ्या पाठीवर खडूने फुली मारली आणि मला कोपऱ्यातल्या ढिगात फेकले. जन्माला येऊन अर्धा तास झाला नाही, तोच मी टाकाऊ ठरलो.

ताईने मला त्या ढिगातून उचलले. तिला एक धाकटा भाऊ होता. आईवडील लवकर गेल्यामुळे त्याला तिनेच लहानाचे मोठे केले होते. तो घड्याळे दुरुस्त करायला शिकत होता आणि रोज पावसात भिजून घरी येत होता. या शहरात पाऊस कधी थांबतो ते मला अजून कळलेले नाही. ढिगात पडल्यावर माझे तिसरे बटण तुटले होते. तिने आपल्या जुन्या झग्याचे तपकिरी बटण काढले आणि हातात होता त्या हिरव्या दोऱ्याने ते माझ्यावर घट्ट लावले.

"कोट फाटेल, पण हे बटण तुटायचं नाही," ती भावाला म्हणाली.

"ताई, लोक हसतील."

"हसू देत. भिजलास तर औषध ते आणून देणार नाहीत."

दहा वर्षे मी त्या भावाच्या अंगावर काढली. माझ्या उजव्या खिशात त्याचे बारीक चिमटे असत आणि डाव्या खिशात दुपारचा पाव. दर दोन महिन्यांनी तो मला घरासमोरच्या लॉन्ड्रीत टाकायचा. तिथला लॉन्ड्रीवाला प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला कॉलरच्या आतून कापडाची छोटी पट्टी शिवायचा आणि तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने आकडा लिहायचा. माझा आकडा चारशे बारा. मित्रांनो, हा आकडा लक्षात ठेवा. ज्याने ठेवायला हवा होता त्याने काय केले, ते पुढे येईलच.

मग ते पत्र आले. दूरच्या एका गावात मनोऱ्यावरचे मोठे घड्याळ सांभाळायला माणूस हवा होता. भावाने अर्ज केला होता आणि त्याला बोलावणे आले होते. पण पत्र पडले ताईच्या हाती. ती ते घेऊन स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिली. भाऊ गेला की हे घर खायला उठणार, हे तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होते. तिने ते पत्र फाडले असते तर मी तिला वाईट म्हटले असते, आणि दिले असते तर मोठ्या मनाची म्हटले असते. तिने यातले काहीच केले नाही. तिने माझे अस्तर उसवले, पत्र आत सरकवले आणि इतक्या बारीक टाक्यांनी शिवून टाकले की माझे मलाच कळेना, उसवले कुठे आणि जोडले कुठे.

तीन आठवडे तो मुलगा स्वतःच्या पाठीवर स्वतःची नोकरी घेऊन फिरला आणि रोज टपालवाल्याला विचारत राहिला, "माझं काही आहे का?" मी त्याच्या अंगावर असूनही त्याला काही सांगू शकत नव्हतो. माझ्या वैतागाची सुरुवात तिथून झाली.

बोलावण्याची मुदत टळून गेली. पण जो कान घड्याळातली टिकटिक पारखतो, त्याच्यापासून अस्तरातली कुरकुर किती दिवस लपणार? एका दुपारी घड्याळाच्या दुकानात त्याने मला टेबलावर पालथे घातले, चाकूच्या पात्याने अस्तर उसवले आणि पत्र वाचले. वरची तारीख त्याने दोनदा पाहिली. टाके कोणाच्या हातचे आहेत हे त्याला विचारावे लागले नाही. तो त्या दिवशी घरी गेलाच नाही. तो सरळ बसथांब्यासमोरच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात गेला आणि मला तिथे देऊन टाकले.

दुकान चालवणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. ती म्हणाली, "अरे, बाहेर धो धो पडतोय आणि तू कोट देऊन निघालास कुठे?"

"नदीपलीकडे. तिथल्या धक्क्यावर घड्याळाच्या दुकानात माणूस हवाय."

"मग भिजत जाशील?"

"जाईन. हा कोट मला नको."

असा मी दहा वर्षांच्या चाकरीनंतर एका खिळ्यावर लटकलो. आणि त्याच आठवड्यात मला नवा मालक मिळाला. आता माझ्या वैतागाचा दुसरा आणि मोठा भाग ऐका.

माझा नवा मालक खाजगी गुप्तहेर होता. चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्याची खोली होती. दारावर पाटी होती, 'हरवलेली माणसे शोधून मिळतील', म्हणून गल्लीतले लोक त्याला सापडले साहेब म्हणत. तोंडावर साहेब आणि पाठीमागे नुसतेच सापडले. त्याला कोट का लागला, माहीत आहे? कारण स्वतःचा कोट त्याने बसमध्ये हरवला होता. मी तेव्हाच काय ते ओळखायला हवे होते.

माणूस तसा वाईट नव्हता, आणि कामात कच्चाही नव्हता. भिंतीवर शहराचा भला मोठा नकाशा, त्यात टाचण्या, आणि प्रत्येक टाचणी म्हणजे कोणाच्या तरी घरातले कोणीतरी. त्याची खास विद्या म्हणजे लॉन्ड्रीच्या पट्ट्या. "माणूस नाव बदलतो, मिशी काढतो, गाव सोडतो," तो भेटेल त्याला सांगायचा, "पण कॉलर उलटून कोण बघतो? कॉलर कधी खोटं बोलत नाही." या विद्येवर त्याने तीन माणसे शोधून काढली होती. हे व्याख्यान तो माझ्या कॉलरमध्ये मान घालून द्यायचा. आपले ठेवावे झाकून आणि दुसऱ्याचे पाहावे वाकून, हे लोक करतात हे मला माहीत होते, पण त्याचा कोणी धंदा करत असेल असे वाटले नव्हते.

त्याचे दोन नियम होते, आणि ते तो मोडत नसे. पहिला, बाई एकटी आली की खोलीचे दार सताड उघडे ठेवायचे. दुसरा, माणूस सापडला की आधी त्यालाच विचारायचे, घरी सांगू का? तो नाही म्हणाला तर पत्ता द्यायचा नाही. "हरवणं आणि निघून जाणं यात फरक असतो," तो म्हणायचा. नियम चांगलेच होते. पण पहिल्या नियमाने माझा घात केला, कारण मला टांगायचा खिळा दारामागे होता. दार उघडले की मी दार आणि भिंत यांच्यामध्ये दबून जायचो.

आणि एका बुधवारी कोण आले असेल? ताईच आली. कारखान्याला बुधवारी अर्धी सुट्टी असे. मी तिचा आवाज ओळखला आणि दारामागे नुसता तळमळलो.

"माझा भाऊ हरवलाय," ती म्हणाली.

"घरात काही भांडण?" सापडले साहेबाने विचारले.

"छे! आमच्यात कधी चकार शब्दाचं भांडण नाही."

मित्रांनो, हरवलेले माणूस शोधायला आलेले लोक पहिले खोटे उंबरठ्यावरच बोलतात. त्या खोलीत लटकून मी हे बारा जणांकडून ऐकले आहे. हवे असते खरे माणूस, आणि खरे कारण मात्र घरी ठेवून येतात.

"अंगावर काय होतं?"

"राखाडी पावसाळी कोट. डावी बाही जरा लांब. तिसरं बटण तपकिरी, हिरव्या दोऱ्यानं लावलेलं. मीच लावलंय. आणि कॉलरला लॉन्ड्रीची पट्टी, चारशे बारा."

"पट्टीचा नंबर आहे? मग तर कामच झालं!" सापडले साहेबाने टेबलावर थाप मारली आणि वहीत लिहिले, चारशे बारा. ती गेल्यावर तो उठला, दार लोटले, मला खिळ्यावरून काढून अंगात घातले, आणि मला शोधायला बाहेर पडला.

त्याला तिसरे बटण दिसले कसे नाही, असे तुम्ही विचाराल. त्याचे पोट माझ्यात मावत नव्हते, म्हणून तो मला बटणे लावतच नसे. डाव्या बाहीचे म्हणाल, तर ती लांब आहे म्हणून त्याने पहिल्याच दिवशी दुमडून टाकली होती. आणि अस्तर उसवले होते, तिथे त्याच्या बायकोने टाचणी लावून दिली होती.

पुढचे दोन महिने तो रस्त्याने लोकांच्या छातीकडे बघत हिंडला. एका बाईने त्याला भर चौकात छत्रीने झोडपले. इस्पितळात, धर्मशाळेत, गोदीत त्याने शंभरेक कॉलरी उलटल्या. जुन्या कपड्यांच्या सगळ्या दुकानांत तो गेला, आणि मावशीकडेही गेला.

"मावशी, चारशे बारा पट्टीचा राखाडी कोट आला होता का?"

"साहेब, मी कॉलरी बघत बसत नाही. राखाडी कोट काय, रोज येतात. एक तर तुम्हीच नेलात की."

"तो सोडून हो, मावशी!"

तो सोडून! मित्रांनो, हे दोन शब्द ऐकून मी खांद्याच्या शिवणीत फाटायचा राहिलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण तुम्ही शाळेत पाठ केली असेल. मी ती काखेतून पाहिली आहे.

एकदा तर तो ताईच्या घरी गेला, भावाची खोली बघायला. आता तरी ती मला पाहील, म्हणून मी खूश झालो. पण मी ठिबकत होतो. फरशी खराब होईल म्हणून या सभ्य गृहस्थाने मला उलटा करून जिन्याच्या कठड्यावर टाकले. ज्या कठड्यावर मी दहा वर्षे वाळलो होतो, त्याच कठड्यावर! आत ताई सांगत होती, "रस्ता रुंद करायचाय म्हणून ही इमारत पाडणार आहेत. महिनाअखेरच्या गुरुवारी सकाळी नऊला सगळ्यांनी बाहेर. कारखानाही बंद पडला. मी लांब मावसबहिणीकडे जाणार. पण साहेब, मी गेल्यावर तो आला तर? दारच नसेल, तर कुठे ठोठावणार?" तिला फक्त दहा पावले बाहेर यायचे होते. ती साहेबासाठी पाणी आणायला आत गेली, आणि तिला काय सांगावे ते सुचेना म्हणून तो मला काखोटीला मारून दोन जिने उतरूनही गेला.

ती दर बुधवारी येत राहिली. कारखाना बंद पडल्यावर सगळे वार सारखेच झाले होते, तरी ती बुधवारीच यायची. दार उघडे असायचे आणि मी दारामागे असायचो.

शेवटचा बुधवार उजाडला. दुसऱ्या दिवशी इमारत पडणार होती. आपल्याला जमले नाही, हे ताईला तिच्या घरी जाऊन सांगायचे सापडले साहेबाने ठरवले. त्याचे तोंड इतके उतरले होते की बायकोने त्याला चहाबरोबर दोनदा बिस्किटे दिली. मग ती नाक दाबून म्हणाली, "तिकडे समोरच लॉन्ड्री आहे ना? मग हा कोट टाक तिथे. पावसाचा नाही, आता कोटाचाच वास येतोय. घेतल्यापासून एकदा तरी धुतलायस का?"

या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

लॉन्ड्रीवाल्याने मला फळीवर पसरले आणि सवयीने कॉलर उलटली. मग त्याने मान वर करून साहेबाकडे नीट पाहिले.

"हा कोट तुमचा?"

"माझाच की."

"दहा वर्षं धुतोय मी हा कोट. चारशे बारा. याचा मालक अडीच महिने बेपत्ता आहे. त्याची ताई रोज इथून डोळे पुसत जाते. बोला, तो पोरगा कुठाय?" त्याने माझी एक बाही घट्ट धरली, जणू मी पळून जाणार होतो. "थांबा, पोलिसांनाच बोलावतो."

"अहो, थांबा! मी त्यालाच शोधतोय!"

"त्याचाच कोट घालून?"

सापडले साहेबाने खाली माझ्याकडे पाहिले. त्याने माझे तिसरे बटण दोन बोटांत धरले. तपकिरी. दोरा हिरवा. मग त्याने डावी बाही उलगडली आणि उजवीवर ठेवून पाहिली, बोटभर लांब. तो मळक्या चादरींच्या गाठोड्यावर मटकन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. मला वाटले होते की या क्षणी मला फार आनंद होईल. खरे सांगतो, त्याची कीव आली.

पण बसून राहणारा तो नव्हता. लॉन्ड्रीवाल्याला वही दाखवून त्याने आपली सुटका करून घेतली, मला अंगात घातले आणि आयुष्यात पहिल्यांदा धावला. मावशीला त्या भिजत गेलेल्या मुलाची आठवण होतीच. "नदीपलीकडे, धक्क्यावर, घड्याळाचं दुकान," ती म्हणाली. "आधी विचारलं असतं तर सांगितलं नसतं का? तुम्ही कोटाचं विचारत होता, पोराचं कुठे विचारलंत?"

होडीतून उतरून आम्ही दुकानात शिरलो तेव्हा भाऊ डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याने वर पाहिले ते साहेबाच्या तोंडाकडे नाही, माझ्याकडे. तो रोडावला होता. खोकतही होता.

"तिनं पाठवलं?" त्याने विचारले.

"तिला अजून माहीत नाही. माझा नियम आहे. तुम्ही सापडलात, हे तिला सांगू का?"

"नाही."

"बरं."

"भांडण झालं म्हणाली असेल."

"कधी झालंच नाही, म्हणाली."

भाऊ हसला, पण ते हसणे ऐकवत नव्हते. "खरंय. भांडायला मी थांबलोच कुठे?" मग त्याने माझे अस्तर धरले, टाचणीच्या जागी, आणि पत्राची सगळी हकिगत सांगितली. साहेब ऐकत राहिला.

"मला वाटलं होतं, उंदरानं कुरतडलंय," तो शेवटी ओशाळून म्हणाला. त्याने मला अंगातून काढले आणि दुकानाच्या खिळ्यावर नीट टांगले. "मी तिला काही सांगणार नाही. पण तुम्हाला एक सांगतो. उद्या नऊला तुमचं घर पाडतायत. ती शहर सोडून चाललीय. उद्यानंतर तुम्हाला तिची आठवण झाली, तर शोधायला माझ्याकडेच यावं लागेल. आणि मी कसा शोधतो, ते बघा, तुमचाच कोट घालून दोन महिने तुम्हाला शोधत हिंडलो."

एवढे बोलून तो पावसात निघून गेला, कोटाशिवाय. भाऊ त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. दुकान बंद होईपर्यंत त्याने एकच घड्याळ चार वेळा उघडले आणि मिटले. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही.

गुरुवारी सकाळी पाऊस तसाच होता. साडेआठची होडी सुटायला आली, तेव्हा भावाने मला खिळ्यावरून ओढले. बाही चढवताना तो पुटपुटला, "नुसतं बघून येतो." असे म्हणणारे लोक मी ओळखतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. मजुरांनी खिडक्यांच्या चौकटी काढल्या होत्या. फुटपाथवर ताई उभी होती, शेजारी दोन बोचकी आणि शिलाई यंत्र. दारालगतच्या भिंतीवर तिने शिंप्याच्या खडूने मावसबहिणीचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता. जी भिंत पाडायची, तिच्यावरच! मजूर त्या भिंतीला शेवटी हात लावू म्हणत ताटकळले होते, आणि पाऊस तोवर एकेक अक्षर पुसत होता. रस्त्यापलीकडे सापडले साहेब ओलाचिंब उभा राहून शिंकत होता. त्याने तिला एक शब्दही सांगितला नव्हता. त्या माणसाचा मला पहिल्यांदाच राग आला नाही.

ताईने गर्दीत आधी मला पाहिले. मग माझ्या आत कोण आहे ते पाहिले. ती धावली नाही. जवळ आली, आणि तोंडाकडे बघायचा धीर होईना म्हणून माझे तिसरे बटण धरले.

"सैल झालंय," ती म्हणाली.

तिने आपल्या कॉलरमधली सुई काढली, बोचक्यातून दोरा काढला आणि भर रस्त्यात, पावसात, ते बटण घट्ट करू लागली. सुई दोनदा तिच्या बोटात गेली. भाऊ हलला नाही. तिने दोरा दाताने तोडला आणि मागे सरली.

"अस्तरही उसवलंय, ताई," भाऊ म्हणाला.

ताईने मान खाली घातली. "माहीत आहे. मीच... ते मीच केलं होतं."

"मलाही माहीत आहे."

मग त्याने मला अंगातून काढले, उलटे केले आणि तिच्या हातात दिले.

"शिव," तो म्हणाला. "पण या वेळी आत काही ठेवू नकोस."

ती यंत्राच्या पेटीवर बसून मला शिवत असताना माझ्यावर पडत होते ते सगळेच पावसाचे पाणी नव्हते. मागे भिंत कोसळली, तेव्हा दोघांपैकी कोणीही वळून पाहिले नाही.

आता आम्ही तिघे नदीपलीकडे राहतो. सापडले साहेबाने मावशीकडून दुसरा कोट नेला, आणि नेण्याआधी त्याची कॉलर उलटून पाहिली म्हणे. मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. कोणी दिसेनासे झाले, तर सगळे शहर पालथे घालण्याआधी आपल्या अंगावर काय आहे ते बघा. आम्हा कपड्यांना वरचेवर धुवा, त्यात तुमचाच फायदा आहे. आणि कोणाचे पत्र असेल, तर ते त्याला देऊन टाका. रडू येईल, घर रिकामे होईल, तरी द्या. ते आम्हाला सांभाळायला लावू नका, कारण आम्हाला बोलता येत नाही आणि आमचा जीव जातो. माझे अस्तर आता नीट शिवलेले आहे. हवे तर हात फिरवून बघा, आत काही नाही.